सर्व्हर मोठा घेण्याआधी

जीएसटीआर-१ भरायची मुदत दर महिन्याच्या ११ तारखेला संपते. १० तारखेला दुपारी कुठल्याही मध्यम पेढीत किंवा सीएच्या ऑफिसात गेलात, तर एकच वाक्य कानावर येतं: सर्व्हर फार स्लो चाललाय. व्हाउचर भरून एंटर दाबला की पडदा जागच्या जागी थिजतो. अकाउंटंट माउस हलवून बघतो, शेजारच्याला विचारतो, "तुझंही अडकलंय का रे?" तोवर पार्टीचा फोन येतो. शेवटी मालक क्लाउडवाल्याला फोन लावतात आणि पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, रॅम वाढवून घ्या. भाडं वाढतं, पंधरा दिवस बरे जातात आणि पुढच्या १० तारखेला पुन्हा तीच रड.

पूर्वी टॅली किंवा ईआरपी ऑफिसातल्याच कोपऱ्यातल्या एका पीसीवर चालायचं. आता ते भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनवर गेलं आहे. विंडोज सर्व्हर, दोन ते आठ व्हीसीपीयू (व्हर्च्युअल सीपीयू), आठ ते बत्तीस जीबी रॅम आणि रिमोट डेस्कटॉपने आत येणारी पाच-पंधरा माणसं. कुणी घरून, कुणी कोल्हापूरच्या शाखेतून, कुणी भिवंडीच्या गोदामातून. हा लेख अशाच ऑफिसांसाठी आहे. मला त्यांना एकच गोष्ट पटवायची आहे: नेमकं काय कमी पडतंय हे गर्दीच्या दिवशी मोजल्याशिवाय एक रुपयाही वाढवू नका. बहुतेक वेळा दुखणं सेटिंगमध्ये किंवा आपल्याच सवयींमध्ये असतं, आणि ते फुकटात बरं होतं.

आधी हे मशीन कुणाकुणात वाटलेलं आहे ते बघू. ही वाटणी दोन मजल्यांवर असते. खालच्या मजल्यावर सेवा देणाऱ्या कंपनीचा एक खराखुरा सर्व्हर असतो. त्याचे तुकडे पाडून ते तुमच्यासारख्या अनेक ग्राहकांना दिलेले असतात. स्वस्तातली सेवा देणारे बरेचदा हातात आहेत त्याहून जास्त व्हीसीपीयू विकतात, कारण सगळे ग्राहक एकाच वेळी पूर्ण ताकद मागणार नाहीत असा त्यांचा हिशेब असतो. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी एकच असते आणि सकाळी सातला सगळ्यांनी नळ सोडले की वरच्या मजल्यावर धार बारीक होते, तसंच हे. वरच्या मजल्यावर तुमची स्वतःची माणसं असतात: एकाच विंडोजमध्ये दहा जण, दहा ब्राउझर, दहा एक्सेल. लोक नेहमी खालच्या मजल्याला दोष देतात. माझा अनुभव असा, की पहिल्यांदा वरचा मजला तपासावा. तिथे काही सापडलं नाही तरच शेजाऱ्यांवर संशय घ्यावा.

मोजायचं कसं

एका कागदावर रोजची तीन कामं लिहा. एक विक्रीचं व्हाउचर सेव्ह करणं, एका महिन्याचं डे-बुक उघडणं आणि येणे बाकीची यादी काढणं. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून ही तीनच कामं चार वेळी करून बघा: साध्या दिवशी सकाळी अकराला, साध्या दिवशी चारला, १० तारखेला चारला आणि रविवारी, जेव्हा सर्व्हरवर तुमच्याशिवाय कुणी नसतं. सेकंद लिहून ठेवा.

एवढ्यावरून निम्मं निदान होतं. रविवारी एकटे असतानाही यादी निघायला तेवढाच वेळ लागत असेल, तर गर्दीचा दोष नाही. डेटा, डिस्क किंवा प्रोग्रॅममध्येच काहीतरी आहे. रविवारी झटपट आणि १० तारखेला मंद असेल, तर तुमचाच भार मशीनला जड होतोय. सकाळी छान चालून दुपारनंतर हळूहळू दम तुटत असेल, तर क्रेडिटचा प्रकार असण्याची शक्यता मोठी, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो. आणि आपली माणसं जेवायला गेलेली असताना, कुठलंही वेळापत्रक नसताना, मध्येच पाच-दहा मिनिटं सगळं थिजत असेल, तर खालच्या मजल्यावरचे शेजारी तपासायची वेळ आली.

आणखी एक परीक्षा याहून सोपी आहे. सर्व्हरवर नोटपॅड उघडा आणि भराभर टाइप करा. अक्षरं उशिरा उमटत असतील तर दोष बहुतेक वेळा सर्व्हरपर्यंतच्या इंटरनेट जोडणीचा असतो, सर्व्हर कितीही मोठा केला तरी तो जाणार नाही. नोटपॅडमध्ये अक्षरं झरझर येताहेत, पण व्हाउचर सेव्ह व्हायला आठ सेकंद लागताहेत, तर दोष सर्व्हरच्या आत आहे.

आत बघण्यासाठी विंडोजमध्येच सगळं आहे. टास्क मॅनेजरमधल्या युजर्स या टॅबवर कोण किती रॅम आणि सीपीयू खातंय ते नावानिशी दिसतं. रिसोर्स मॉनिटरच्या डिस्क टॅबवर या क्षणाला कुठली फाइल कोण वाचतंय हे दिसतं. परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये दिवसभराची नोंद लावून ठेवता येते. त्यात किमान तीन आकडे घ्या: सीपीयूचा वापर, उपलब्ध मेमरी आणि डिस्कवरून एक वाचन व्हायला लागणारा सरासरी वेळ. हा तिसरा आकडा सेकंदात येतो, म्हणजे ०.०१० दिसलं तर दहा मिलिसेकंद. तो दहाच्या आसपास असेल तर चिंता नाही. पंचवीसच्या वर सतत राहत असेल, तर डिस्कने हात टेकलेत.

दुपारनंतर दम का तुटतो

क्लाउडमधली स्वस्त मशीन बहुतेकदा क्रेडिटवर चालतात. ॲमेझॉनची टी मालिका आणि मायक्रोसॉफ्ट अझूरची बी मालिका ही याची नेहमीची उदाहरणं. त्यांच्या भाड्यात सीपीयूची पूर्ण ताकद धरलेली नसते. एक पायाभूत टक्केवारी ठरलेली असते. मशीन त्याहून कमी वापरात असेल तेव्हा क्रेडिट जमतं, जास्त वापरात असेल तेव्हा खर्च होतं.

ॲमेझॉनचं टी-३ मीडियम घ्या. दोन व्हीसीपीयू, चार जीबी रॅम. पायाभूत ताकद प्रत्येक व्हीसीपीयूमागे २० टक्के. तासाला २४ क्रेडिट मिळतात आणि एक क्रेडिट म्हणजे एक व्हीसीपीयू एक मिनिट पूर्ण ताकदीने चालणं. साठा जास्तीत जास्त २४ तासांचा, म्हणजे ५७६. आता दोन्ही व्हीसीपीयू पूर्ण भरून चालले तर तासाला १२० क्रेडिट जातात आणि २४ येतात. निव्वळ घट ९६. ५७६ भागिले ९६, बरोबर सहा तास. सकाळी दहाला भरलेल्या साठ्याने सुरुवात केली, तर दुपारी चारला साठा शून्य आणि, जादा वापराचे पैसे देण्याची अमर्याद पद्धत लावलेली नसेल तर, मशीन २० टक्क्यांवर. रोज एवढा भार नसतो म्हणून रोज हे घडत नाही. १० तारखेला घडतं, २० तारखेला जीएसटीआर-३बीच्या वेळी घडतं आणि मार्चअखेरीस तर आठवडाभर घडतं.

हा प्रकार ओळखायची खूण पक्की आहे. सर्व्हरच्या आत टास्क मॅनेजर सीपीयू १०० टक्के दाखवतो आणि त्याच वेळी क्लाउडच्या कन्सोलवरचा आलेख पायाभूत टक्क्यावर सपाट रेघ मारून बसलेला असतो. तिथेच शिल्लक क्रेडिटचाही आलेख मिळतो, तो महिनाभराचा उघडून बघा. जिथे तो तळाला टेकला असेल, त्या तारखा तुम्हाला ओळखीच्या वाटतील. टी-३ मशीन सहसा अमर्याद पद्धतीवर सुरू होतं. त्यात क्रेडिट संपल्यावर वेग पडत नाही, पण जादा वापराचे पैसे बिलात लागतात, तेव्हा तिथे आलेखाबरोबर बिलही बघावं. जुन्या टी-२ मध्ये आणि अझूरच्या बी मालिकेत मात्र वेगच पडतो.

उपाय दोन. अनावश्यक भार कामाच्या वेळेतून काढायचा, म्हणजे अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन, विंडोज अपडेट, बॅकअप हे सगळं रात्री. तेवढ्याने भागलं नाही, तर क्रेडिट नसलेल्या मालिकेचं मशीन घ्यायचं, ॲमेझॉनमध्ये एम, अझूरमध्ये डी. क्रेडिट संपत असताना नुसती रॅम वाढवून काहीही होत नाही. इथेच सर्वांत जास्त पैसे वाया जातात.

एखाद्या स्थानिक डेटा सेंटरकडून व्हीएमवेअरवरचं मशीन घेतलं असेल, तर क्रेडिट नसतं. तिथे शेजाऱ्यांचा प्रश्न असतो. तुमच्या विंडोजला हे आतून दिसत नाही. म्हणून सेवा देणाऱ्याकडे लेखी मागा: अमुक दिवशी अमुक वेळचा आमच्या मशीनचा सीपीयू रेडी टाइम द्या. मशीनला काम करायचं होतं, पण खालचा खरा सीपीयू मोकळा नव्हता म्हणून जो वेळ थांबावं लागलं, तो हा आकडा. तात्कालिक आलेखात वीस सेकंदांच्या टप्प्याने तो मिलिसेकंदात मिळतो. एका व्हीसीपीयूमागे १००० म्हणजे पाच टक्के. पाचच्या वर सतत असेल तर तुमची तक्रार रास्त आहे, मशीन दुसऱ्या होस्टवर, म्हणजे दुसऱ्या खऱ्याखुऱ्या सर्व्हरवर, हलवून मागा. अशा गर्दीच्या होस्टवर चारचे आठ व्हीसीपीयू मागू नका. जितके जास्त मागाल, तितके ते एकत्र मोकळे मिळणं कठीण, आणि मशीन कधीकधी आधीपेक्षाही मंद होतं. तारीख-वेळेसकट आकडा मागणाऱ्या ग्राहकाला कुणी "रॅम वाढवा" सांगून वाटेला लावत नाही.

डिस्क

हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं काम बारीक-बारीक असतं. इथून चार ओळी वाच, तिथे दोन ओळी लिही. त्यामुळे डिस्क एका सेकंदात किती मोठी फाइल हलवते याला फारसं महत्त्व नाही. एका सेकंदात अशी किती छोटी कामं उरकते, म्हणजे तिचे आयओपीएस किती, हे बघायचं असतं. भाड्याच्या मशीनवर हा आकडा ठरवून दिलेला असतो, आणि तो आपल्या डिस्कचा किती आहे हे ऑफिसात सहसा कुणालाच माहीत नसतं.

अझूरवर नेहमीच्या आकाराच्या साध्या हार्ड डिस्कला जास्तीत जास्त ५०० आयओपीएस मिळतात. प्रीमियम प्रकारातली १२८ जीबीची पी-१० घेतली तरी आकडा ५००च, फक्त तिचा प्रतिसाद जलद आणि खात्रीचा. ५१२ जीबीच्या पी-२० ला २३००. ॲमेझॉनच्या जुन्या जीपी-२ डिस्कला दर जीबीमागे तीन, म्हणजे १०० जीबीला ३००. वर काही काळ ३००० पर्यंत उसळी मारायची मुभा असते, पण तिचंही क्रेडिट संपतं. नव्या जीपी-३ ला आकार कितीही असो, ३००० आयओपीएस मिळतात आणि दर जीबीचा भाव जीपी-२ पेक्षा कमी. चालू मशीनवर, काम न थांबवता, जीपी-२ चं जीपी-३ करता येतं. तुमचं मशीन काही वर्षांपूर्वी उभं केलेलं असेल तर हे आजच बघा. खर्च कमी होऊन वेग वाढण्याची अशी संधी क्वचित मिळते.

एक सावधगिरी. अझूरच्या अनेक विंडोज मशीनवर डी ड्राइव्ह ही तात्पुरती जागा असते आणि तिच्या नावातच टेम्पररी लिहिलेलं असतं. ती जलद असते, म्हणून तिथे कंपनीचा डेटा ठेवायचा मोह होतो. मशीन दुसऱ्या होस्टवर गेलं की तिथलं सगळं पुसलं जातं. तिथे डेटा ठेवू नका.

डिस्कवर कोण बसलंय हे शोधताना काय सापडतं, त्याचं एक उदाहरण सांगतो. पुण्याच्या मार्केट यार्डातली एक अडत पेढी. रोज साडेबारा आणि साडेचारच्या सुमाराला दहा-पंधरा मिनिटं बिलिंग अडकायचं. गाड्या उभ्या, शेतकरी पट्टीसाठी खोळंबलेले. रिसोर्स मॉनिटरच्या डिस्क टॅबवर वाचनाच्या क्रमाने यादी लावली, तेव्हा वर तीन नावं होती: बॅकअपची झिप करणारा प्रोग्रॅम, ती झिप तपासणारा अँटिव्हायरस आणि डेटाचं अख्खं फोल्डर क्लाउड ड्राइव्हवर चढवणारं सिंक. बिलिंगचा प्रोग्रॅम चौथा. कधीतरी डेटा गेला होता म्हणून घाबरून दिवसातून दोनदा बॅकअप लावलेला होता, आणि त्या भीतीत काही गैर नाही. बॅकअप दुपारी दोनला, जेवणाच्या वेळी, आणि रात्री दहाला हलवला. सिंक चालू डेटावरून काढून फक्त बॅकअपच्या फोल्डरवर लावलं. अडकणं थांबलं. मशीन तेच, भाडं तेच.

चालू डेटाच्या फोल्डरवर सिंक लावणं वेगापलीकडेही धोक्याचं आहे. सिंक फाइल धरून बसतं, त्याच वेळी सॉफ्टवेअर तिच्यात लिहायला जातं, आणि डेटा खराब होऊ शकतो.

अँटिव्हायरस बंद करायचा नाही, त्याला अपवाद सांगायचे. टॅलीच्या डेटाचं फोल्डर, एसक्यूएल सर्व्हर असेल तर त्याच्या एमडीएफ, एनडीएफ, एलडीएफ आणि बॅकअपच्या बीएके फाइली, एवढेच. अख्खा सी ड्राइव्ह अपवादात टाकणारे तंत्रज्ञ मी पाहिलेत. तसं करू देऊ नका.

मेमरी कुठे जाते

टास्क मॅनेजरचा युजर्स टॅब उघडून एकेका नावाचा बाण खाली केलात, की बहुतेक ऑफिसात एकच दृश्य असतं. टॅली किंवा ईआरपी थोड्याशा जागेत आणि त्याच्या कितीतरी पट ब्राउझर. जीएसटी पोर्टल, मेल, व्हॉट्सॲप वेब, बातम्या, कुणाचं गाणं. दहा माणसांनी सर्व्हरवर ब्राउझर उघडला की सहा-आठ जीबी सहज जाते. रॅम संपली की विंडोज डिस्कवर जागा वापरू लागतो, आणि आधीच भागलेली डिस्क आणखी भागते. ब्राउझर ज्याच्या-त्याच्या पीसीवरच चालला पाहिजे, हा नियम मालकाने स्वतः घालावा, कारण तंत्रज्ञाचं कुणी ऐकत नाही. मात्र नियम घालण्याआधी लोक सर्व्हरवर ब्राउझर का उघडतात ते विचारा. बहुतेकदा कारण खरं असतं: रिटर्नची जेसन फाइल सर्व्हरवर तयार होते आणि ती आपल्या पीसीवर कशी आणायची ते माहीत नसतं. रिमोट डेस्कटॉपच्या जोडणीत पीसीचा ड्राइव्ह दिसण्याची सोय आहे, ती चालू करून एकदा प्रत्येकाला शेजारी बसून दाखवा. तेवढी सोय झाली की ब्राउझर आपोआप खाली येतात.

दुसरं, लोक घरी जाताना रिमोट डेस्कटॉपची खिडकी नुसती बंद करतात. त्यांचं सेशन आत तसंच चालू राहतं, रॅम धरून. खंडित सेशन दोन तासांनी आपोआप साइन आउट व्हावं, अशी मर्यादा लावा.

एसक्यूएल सर्व्हरवर चालणारं ईआरपी असेल, तर इथे थोडं थांबा, कारण दोन सापळे आहेत. पूर्ण आवृत्तीला मेमरीची वरची मर्यादा मुळात घातलेलीच नसते. स्वतंत्र मशीनवर ते चालतं. पण त्याच मशीनवर दहा माणसं बसणार असतील तर डेटाबेस हळूहळू सगळी रॅम घेतो आणि माणसांची सेशन्स तडफडतात. सोळा जीबीच्या मशीनवर मर्यादा सहा ते आठ जीबी ठेवून सुरुवात करावी आणि आठवडाभर बघावं.

फुकटच्या एक्स्प्रेस आवृत्तीचा सापळा उलटा आहे. ती डेटासाठी सुमारे १४१० एमबी एवढीच मेमरी वापरते. तिच्यासाठी रॅम आठची बत्तीस करून डेटाबेसला काडीचा फायदा नाही. सीपीयूचंही तसंच: एक सॉकेट किंवा चार कोअर, यातलं जे कमी असेल तेवढंच ती वापरते. आणि अनेक व्हर्च्युअल मशीनमध्ये चार व्हीसीपीयू म्हणजे एकेका कोअरचे चार सॉकेट अशी मांडणी असते! मग चारांचं भाडं भरूनही एक्स्प्रेस एकाच व्हीसीपीयूवर चालते. टास्क मॅनेजरच्या सीपीयू पानावर सॉकेट्सचा आकडा दिसतो. तिथे ४ असेल आणि तुमच्याकडे एक्स्प्रेस असेल, तर सेवा देणाऱ्याला एक सॉकेट, चार कोअर अशी मांडणी करून द्यायला सांगा. मशीन बंद करून पाच मिनिटांत होणारं काम आहे, त्याला पैसे लागत नाहीत.

एक्स्प्रेसमध्ये ठरल्या वेळी कामं करणारा एजंटही नसतो. त्यामुळे इंडेक्स नीट करणं, स्टॅटिस्टिक्स ताजी करणं ही देखभाल वर्षानुवर्षं होतच नाही आणि डेटा वाढेल तसे रिपोर्ट रेंगाळू लागतात. विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून दर रविवारी ही देखभाल लावता येते, ईआरपीवाल्याकडून ती लावून घ्या. ऑटो श्रिंक चालू असेल तर बंद करा. ऑटो क्लोजही बंद करा. एक्स्प्रेसमध्ये तो अनेकदा चालू सापडतो आणि सकाळी पहिल्या माणसाला विनाकारण ताटकळत ठेवतो. २०१४ पर्यंतच्या आवृत्त्यांमध्ये तयार झालेल्या डेटाबेसची फाइल भरली की एकेका एमबीने वाढायची सेटिंग असते, ती किमान ६४ एमबी करून घ्या.

टॅलीवाल्यांसाठी डेटाचं आवरणं जास्त महत्त्वाचं. एकाच कंपनीत आठ-दहा वर्षांचे व्यवहार असतील, तर जुन्या वर्षांचा डेटा वेगळा करण्याची सोय टॅलीत आहे. आधी बॅकअप, मग डेटाची पडताळणी, त्यातल्या चुका दुरुस्त करणं आणि मगच विभागणी. हा क्रम मोडू नका, आणि सीएंना विचारल्याशिवाय करू नका. ज्या कंपन्यांवर आज काम नाही त्या उघड्या ठेवू नका. रिपोर्ट उघडताना सवयीने अख्ख्या वर्षाची मुदत न लावता महिन्याची लावा. आणि टीडीएल, म्हणजे बाहेरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम, एक दिवस सगळे काढून तीच तीन कामं पुन्हा मोजा. बिलाचा नमुना सुंदर करणारा एखादा टीडीएल प्रत्येक व्हाउचरमागे कित्येक सेकंद खाताना सापडतो.

इंटरनेट आणि उघडं दार

नोटपॅडच्या परीक्षेत नापास झालात, तर सर्व्हर कुठे आहे ते आधी विचारा. ॲमेझॉनचं केंद्र मुंबईत २०१६ पासून आहे, अझूरचं मध्य भारत केंद्र तर पुण्यातच. तरीही थोड्या स्वस्ताईसाठी युरोप-अमेरिकेतली मशीन घेतलेली दिसतात. महाराष्ट्रातून मुंबईच्या केंद्रापर्यंत संदेश जाऊन यायला सहसा काही मिलिसेकंद ते तीस-चाळीस लागतात, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत दोनशेच्या आसपास. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटरच जातो, तिथे कुणाचाच इलाज नाही.

काही ठिकाणी सॉफ्टवेअर ऑफिसच्या पीसीवर आणि डेटाबेस किंवा टॅलीचं फोल्डर व्हीपीएनवरून क्लाउडमध्ये, अशी जोडणी असते. ही मोडून टाका. एक पान उघडताना प्रोग्रॅम डेटाबेसला तीनशे प्रश्न विचारत असेल आणि प्रत्येकाला चाळीस मिलिसेकंद लागत असतील, तर बारा सेकंद नुसते ये-जा करण्यात गेले. प्रोग्रॅम आणि डेटा एकाच मशीनवर किंवा एकाच डेटा सेंटरात ठेवा. माणसाने रिमोट डेस्कटॉपने आत यावं, तारेवरून फक्त पडद्याचं चित्र जावं. त्या चित्रातही वॉलपेपर आणि ॲनिमेशन बंद ठेवा. पीसीचे सगळे प्रिंटर सर्व्हरवर उमटू देऊ नका, लॉग-इन रेंगाळण्याचं ते नेहमीचं कारण आहे. लागतो तेवढा एकच जोडा.

आता दाराबद्दल. रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ क्रमांकाचं पोर्ट सगळ्या जगाला उघडं असेल, तर दिवसरात्र अनोळखी यंत्रं पासवर्डचे अंदाज लावत असतात. विंडोजच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ क्रमांकाच्या नोंदी शोधा. मिनिटाला डझनावारी दिसल्या तर समजा. प्रत्येक फसलेला प्रयत्नही सीपीयू खातो. आणि एक जरी फळला, तर वेगाची चर्चाच संपते, खंडणीखोर सगळा डेटा कुलूपबंद करतात. ते पोर्ट व्हीपीएनच्या मागे न्या, किंवा ठरावीक आयपी पत्त्यांनाच खुलं ठेवा. हे काम उद्यावर टाकू नका.

परवान्याचंही एक सांगायला हवं. विंडोज सर्व्हरवर मुळात फक्त दोन सेशन्सना मुभा असते आणि तीही देखभालीसाठी. त्याहून जास्त माणसांना रिमोट डेस्कटॉपचे वेगळे परवाने लागतात. त्याशिवाय १२० दिवस चालतं, मग जोडणी नाकारली जाते, आणि ते नेमकं गर्दीच्या दिवशी व्हायला नको. जुगाड करून ही मर्यादा उठवणारे प्रोग्रॅम फिरत असतात. त्यांच्यात काय दडलंय हे कुणीच सांगू शकत नाही, ज्या मशीनवर अख्खा हिशेब आहे तिथे ते नकोतच.

एवढं सगळं करून, एका वेळी एकच बदल करत, प्रत्येक बदलानंतर तीच तीन कामं मोजत गेलात, तरी १० तारखेचे सेकंद उतरत नसतील, तर मशीन खरोखरच लहान पडतंय. तेव्हा निःशंकपणे मोठं घ्या, आणि जो आकडा कमी पडला तोच वाढवा. माणसं बाराच्या वर गेली असतील आणि डेटाबेसही त्याच मशीनवर असेल, तर एक मोठं घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्यावीत, असं मी सुचवेन: एकावर डेटाबेस, दुसऱ्यावर माणसांची सेशन्स, दोन्ही एकाच नेटवर्कमध्ये. ओढाताण एका माणसाच्या एक्सेलमुळे होत असेल तर ती डेटाबेसपर्यंत पोचत नाही.

भाड्याच्या मशीनचा आकार बदलायला बंद-चालू करण्यापुरताच वेळ लागतो, ही सोयही वापरा. टीडीएस भरायच्या ७ तारखेच्या आदल्या रात्री मशीन एक पायरी मोठं करायचं आणि २० तारीख उलटली की पुन्हा लहान. महिनाभर मोठ्या मशीनचं भाडं भरण्याची गरज राहत नाही. पहिल्यांदा हे करताना शनिवारची रात्र निवडा, त्याआधी बॅकअप घ्या, आणि आकार बदलल्यावर सॉफ्टवेअरचं लायसन्स पुन्हा चालू करावं लागेल का, हे विक्रेत्याला आधीच लेखी विचारून ठेवा.